कातळावरच्या पाण्याचा सातबारा

सिंधुदुर्गात महाकाय सॅलॅमँडर नाही आणि तो इथे कधी सापडण्याची शक्यताही नाही. शेपटीवाल्या उभयचरांचा हा गण सह्याद्रीत मुळीच नाही. भारतात त्याचा प्रतिनिधी दार्जिलिंगच्या बाजूला, हिमालयातल्या लहान तळ्यांत आढळतो आणि तोही जेमतेम वीतभर. माणसाच्या उंचीइतका वाढणारा चीनचा, दीड मीटरपर्यंत पोचणारा जपानचा आणि अमेरिकेच्या पूर्व भागातल्या डोंगरी नद्यांमधला हेलबेंडर नावाचा दोन फुटी भाऊबंद, एवढाच या जलचर कुळाचा आजचा पसारा. तरीही आंबोलीपासून मालवण-देवगडच्या कातळसड्यांपर्यंत आपल्याकडे जे उभयचर आहेत त्यांचे काय करायचे, हे ठरवताना या परक्या जनावराची हकीकत समोर असलेली बरी. त्याच्यावर प्रेम करणारे लोक होते, त्याला कायद्याचे संरक्षण होते, पैसाही होता. आणि तरी एका देशात तो नद्यांमधून जवळपास नाहीसा झाला. तिथे काय चुकले ते पाहिले की आपल्या जिल्ह्यात काय चुकते आहे हेही दिसू लागते. जपण्याची गोष्ट प्राण्याच्या आधी पाणी असते: ते कुठल्या दगडावर, किती दिवस, किती स्वच्छ थांबते ते. आणि नेमक्या याच गोष्टीसाठी आपल्या सरकारी दप्तरात रकाना नाही.

या प्राण्याचे सगळे चरित्र त्याच्या कातडीत आहे. हेलबेंडरला फुप्फुसे असतात, पण श्वासासाठी त्यांचा उपयोग जवळपास नाही. लागणाऱ्या प्राणवायूपैकी 90 टक्क्यांहून अधिक कातडीतूनच आत येतो. अंगाच्या दोन्ही बाजूंना कातडीच्या सैल चुण्या लोंबत असतात. त्यांच्यामुळे पाण्याशी संपर्क येणारे क्षेत्र वाढते आणि चुण्यांच्या आत बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. पाण्यात प्राणवायू कमी पडला तर तो जागच्या जागी अंग डोलवत राहतो, म्हणजे कातडीलगतचे वापरलेले पाणी सरते आणि ताजे येते. आता भौतिकशास्त्राचा साधा नियम असा की पाणी जितके गार तितका त्यात प्राणवायू जास्त विरघळतो. 10 अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम, तर 30 अंशांना साडेसातच्या आसपास. म्हणून हे कूळ गार, खळाळत्या आणि तळाशी मोठाले धोंडे असलेल्या नद्या सोडत नाही. दिवसभर धोंड्याखाली, रात्री बाहेर. डोळे नावापुरते, भक्ष्याची चाहूल वासावरून आणि पाण्यातल्या कंपनांवरून लागते. मग जबडा एकदम उघडायचा आणि आत शिरणाऱ्या पाण्याबरोबर मासा किंवा चिंगूळ ओढून घ्यायचा. विणीच्या काळात नर एखादे बीळ धरून बसतो, माद्या येऊन अंडी घालून जातात, आणि पुढचे कित्येक महिने तो शेपटीने पाणी हलवत अंड्यांना वारा घालावा तसा प्राणवायू पुरवतो. बुरशी धरलेली, मेलेली अंडी तो खाऊन टाकतो, म्हणजे बाकीची वाचतात. बापपणाची ही रीत जपानमध्ये बारकाईने नोंदली गेली आहे.

अशा प्राण्याला मारण्यासाठी जाळे किंवा भाला लागत नाही. वरच्या अंगाचा डोंगर उघडा केला की पुरते. झाडे गेली की पाणी तापते आणि माती वाहून येते. तो बारीक गाळ धोंड्यांखालच्या फटी बुजवतो आणि पिल्लांचे घरच राहत नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात संशोधक विल्यम हॉपकिन्स आणि सहकाऱ्यांनी आठ वर्षे हेलबेंडरची बिळे पाहिली आणि 2023 मध्ये जे प्रसिद्ध केले ते चक्रावून टाकणारे आहे. ओढ्याच्या वरच्या बाजूला जंगल जितके कमी, तितके नर स्वतःचीच सगळी अंडी खाऊन टाकण्याचे प्रमाण जास्त. ज्या सवयीने एरवी अंडी वाचतात तीच सवय बिघडलेल्या पाण्यात वंश संपवू लागते. वरवर पाहणाऱ्याला मात्र काही कळत नाही, कारण प्रौढ प्राणी धोंड्याखाली जागच्या जागी असतात. हे कूळच दीर्घायुषी. जपानी महाकाय सॅलॅमँडर पाळलेल्या स्थितीत 50 वर्षांहून अधिक जगल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे नदीत म्हातारे दिसत राहतात, गणतीत आकडा बरा येतो, आणि पिल्ले मात्र कित्येक वर्षांत झालेली नसतात. 'अमुक प्राणी इथे आढळतो' या वाक्यावर विसंबणाऱ्या प्रत्येक अहवालाने हे लक्षात घ्यायला हवे.

चीनची गोष्ट याहून वेगळी आणि जास्त बोलकी. तिथे या प्राण्याचे मांस चैनीचे खाद्य ठरले आणि सरकारने त्याच्या पैदास केंद्रांना उत्तेजन दिले. टाक्यांमध्ये लाखोंनी सॅलॅमँडर वाढू लागले. कागदावर पाहिले तर जात सुखरूप, उलट भरभराटीला आलेली. पण संशोधक सॅम्युअल टर्वी आणि चिनी सहकाऱ्यांनी 2013 ते 2016 या काळात 97 ठिकाणी नद्या धुंडाळल्या, तेव्हा फक्त चार ठिकाणी मिळून 24 प्राणी सापडले, आणि तेही मूळचे रानटी असतील याची खात्री नव्हती. 2018 मध्ये हे निष्कर्ष आले त्याच सुमारास जनुकीय अभ्यासाने दाखवले की ज्याला एक जात समजत होते त्या निदान पाच वेगळ्या जाती आहेत, वेगवेगळ्या नदीखोऱ्यांत वाढलेल्या. पैदास केंद्रांनी त्यांची सरमिसळ केली आणि तीच संतती 'संवर्धन' म्हणून नद्यांत सोडली. क्योटोच्या कामो नदीत तर खाण्यासाठी आणलेल्या चिनी जातीचा जपानी जातीशी संकर होऊन बसला आहे. प्राणी वाचला आणि नदी गेली, असे होऊ शकते. आणि मग जो वाचला तो नेमका कोण, हेही सांगता येत नाही.

आता आंबोलीला येऊ. वर्षाला 7,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेणाऱ्या या गावाच्या कातळांवर एक भेक राहतो. कुशीवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची नक्षी असल्याने शास्त्रीय नावात त्याला वाघाचे विशेषण मिळाले. एस. डी. बिजू, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये त्याचे वर्णन केले तेव्हा त्याच्यासाठी नवी प्रजाती (जीनस), झँथोफ्रिन, घडवावी लागली, इतका तो बाकी भेकांपेक्षा वेगळा. जगात तो आंबोली आणि लगतच्या परिसरापलीकडे माहीत नाही. त्याची वीण जूनच्या पहिल्या दमदार सरींबरोबर, कातळावर साचलेल्या काही बोटे खोल डबक्यांत होते. ही डबकी मोठ्या तळ्यांशी जोडलेली नसतात म्हणून त्यांत मासे नसतात, आणि तोच त्याचा फायदा. पण ऊन पडले तर ती आटतात, म्हणून पिल्लांना घाई असते. याच आंबोलीतून 2003 मध्ये देवगांडुळाची एक जात नोंदली गेली आणि तिला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जे. सी. डॅनियल यांचे नाव मिळाले. पाय नसलेला, जमिनीत राहणारा हा उभयचर दिसला की लोक सापाचे पिल्लू समजून ठेचतात. 2014 मध्ये आनंद पाध्ये आणि सहकाऱ्यांनी वर्णिलेला, जांभ्यावर राहणारा उड्या मारणारा बेडूक हाही इथलाच. त्याच्या प्रजातीतल्या बेडकांची पिल्ले तर पाण्यात पोहतसुद्धा नाहीत. खडकावरून झिरपणाऱ्या पाण्याच्या पातळ थरात चिकटून, सरपटत, लांब शेपटीने उसळ्या मारत वाढतात. महाकाय सॅलॅमँडरशी यांतल्या कुणाचे आकाराने काही जुळत नाही. जुळते ते एवढेच की कातडी ओली आणि पाणी ठराविक प्रकारचे असल्याशिवाय यांचेही चालत नाही.

असे ठराविक पाणी धरणारा कातळ म्हणजेच सडा. आंबोलीत तो उंचावर आहे; मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडे तो समुद्राला लागून पसरला आहे. आठ महिने काळाठिक्कर, तापलेला, वर पिवळे गवत. चार महिने त्याच्या खळग्यांत पाणी, फुले, बेडूक, चतुर. महसुलाच्या नजरेतून मात्र हा 'पोटखराबा'. सातबाऱ्यावर लागवडीला नालायक म्हणून त्याची नोंद, आणि देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशातही उघड्या खडकाला पडीक जमिनीचाच वर्ग मिळालेला. एकदा जमीन खराब ठरली की तिच्यावर काहीही केले तरी ती सुधारणाच मानली जाते. चिरेखाण काढली, सुधारणा. सुरुंगाने खड्डे उडवून, बाहेरून माती आणून हापूस लावला, सुधारणा. प्लॉट पाडले, मग तर विकासच. मालवणच्या समुद्रात 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, प्रवाळासाठी, माशांसाठी. त्याच किनाऱ्याच्या वरच्या सड्यावरल्या पाण्याची मात्र साधी नोंदही नाही. पावसाळ्यात उघड्या पडलेल्या खाणीतली लाल माती व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, खाडीत आणि खाडीतून त्याच समुद्रात उतरते, हे कुणाच्या अखत्यारीत येते कोण जाणे. दोडामार्ग तालुक्यात कळण्याच्या लोहखाणीत साठलेले पाणी जुलै 2021 मध्ये बांध फोडून गावात घुसले तेव्हा शेतीच्या नुकसानीची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण ज्या गाळाने अमेरिकेतल्या ओढ्यांत हेलबेंडरची पिढी बुजवली त्याच जातीचा गाळ इथल्या व्हाळांच्या दगडांखाली किती बसला, हा प्रश्न कुणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाशी, देवळाजवळच्या पाण्यात तेजस ठाकरे आणि सहकाऱ्यांना एक चिमुकला मासा सापडला. 2020 मध्ये त्याला शिस्टुरा हिरण्यकेशी हे नाव मिळाले आणि पुढच्याच वर्षी राज्य सरकारने तिथले 2.11 हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केले. दोडामार्गातल्या बांबर्डे इथल्या, गावाने देवराई म्हणून राखलेल्या जायफळवर्गीय झाडांच्या दलदलीलाही तोच दर्जा मिळाला, क्षेत्र 2.59 हेक्टर. दोन्ही ठिकाणी जपले गेले ते मुळात पाणीच, आणि हे पाऊल स्वागतार्हच. माझी तक्रार मोजमापाबद्दल आहे. दोन्ही मिळून पाच हेक्टरसुद्धा होत नाहीत. झरा जिथे दिसतो तिथे हद्द आखली जाते. ते पाणी जिथे मुरते तो वरचा डोंगर हद्दीबाहेर राहतो. व्हर्जिनियातल्या त्या बिळांजवळ कुणी कुंपण घातले असते तरी नरांनी अंडी खाल्लीच असती, कारण बिघाड बिळात नव्हता.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे. सडा बहुतेक ठिकाणी खासगी मालकीचा आहे, आणि ज्याच्याकडे भातशेतीचे दोन गुंठे आणि बाकी कातळ आहे त्याने बेडकांसाठी चिरेखाणीचे उत्पन्न सोडायचे का? कोकणातली घरे चिऱ्यांनीच बांधली गेली आहेत. चिरा वाईट म्हणणारे आपापल्या घराच्या भिंतीकडे पाहोत. म्हणूनच सरसकट बंदीची मागणी मला पटत नाही. सगळा सडा सारखा नसतो. पाणी धरणारे खळगे, झिरपणारे उतार, सुट्या दगडांचे पट्टे ठराविक जागी असतात, आणि बाकीचा कातळ कोरडाच राहतो. कुठे काय आहे हे आधी नोंदले तर परवाना देताना पन्नास मीटर इकडे की तिकडे एवढाच प्रश्न अनेकदा उरेल. आज तो प्रश्न विचारलाच जात नाही, कारण अर्जाच्या फॉर्मात त्याला जागा नाही. आणि जिथे खरोखरच एखाद्या मालकाला संपूर्ण पट्टा राखायला सांगावे लागेल, तिथे त्याला मोबदला देणे भाग आहे. वारसा सगळ्यांचा आणि भुर्दंड एकट्याला, ही रीत टिकत नाही.

दुसरा आक्षेप जरा हुशारीचा: जुन्या खाणींच्या खड्ड्यांत पाणी साचते, तिथे बेडूक भरपूर ओरडतात, मग बिघडले कुठे? बेडूक ओरडतात हे खरे, पण ते कोणते हे विचारायला हवे. खोल, महिनोन्महिने टिकणारे पाणी कुठेही जगणाऱ्या जातींना मानवते. ज्याने बोटभर खोलीच्या, मासे नसलेल्या, येत्या-जात्या डबक्यासाठी सगळे आयुष्य बेतले आहे त्याला ते उपयोगाचे नाही. अलीकडच्या काळात कोकणातल्या सड्यांवर अपर्णा वाटवे, रोहित नाणीवडेकर आणि सहकाऱ्यांनी हजारो सुटे दगड उचलून त्यांच्याखाली कोण राहते ते तपासले. कातळ, पडीक भातखाचरे आणि आंबा-काजूच्या बागा यांत मिळणारे प्राणी सारखे नसतात, हे त्यातून दिसले. आवाजाच्या मोठेपणावरून विविधता मोजण्याची सवय आपण सोडली पाहिजे. मालवणीत ज्याला बेबो म्हणतात त्या मोठ्या बेडकाच्या डरकाळीत बाकीचे वीस आवाज बुडून जातात.

एक उपायही हल्ली फार सुचवला जातो: दुर्मीळ जातींची पैदास केंद्रे काढा, आंबोलीत एक 'बेडूक उद्यान' करा, पर्यटनही वाढेल. हिरोशिमाच्या आसा प्राणिसंग्रहालयाने 1979 मध्ये महाकाय सॅलॅमँडरची पैदास यशस्वी केली आणि त्यातून जे ज्ञान मिळाले ते मोलाचे आहे: नराला कसले बीळ लागते, बंधाऱ्यावरून चढायला कसली उतरंड लागते, हे कळल्यामुळे जपानात काही बंधाऱ्यांना चढणी बांधल्या गेल्या. केंद्राचा उपयोग असा, नदीकडे परत नेणारा असेल तर हरकत नाही. चीनमध्ये केंद्र हेच उत्तर ठरले आणि नदी विसरली गेली. आपल्याकडचा कल कुठल्या बाजूला आहे हे सांगायला नको. व्हाळांच्या दोन्ही कडांना काँक्रीटच्या भिंती घालून वर 'सुशोभीकरण' असा फलक लावण्याची हौस सगळ्यांनी पाहिली आहे. त्यात उन्हाळ्यात कोंडीत ब्लीचिंग पावडर टाकून मासे धरणारे आहेत. अशा पाण्यात कुणाची पैदास सोडणार?

असेही म्हटले जाते की हेच सड्यावरचे पाणी जांभ्यात मुरून खालच्या वाडीच्या विहिरीला येते, तेव्हा बेडकांपेक्षा हा मुद्दा लोकांना पटवा. मुद्दा खरा आहे आणि एप्रिलमध्ये टँकर मागवणाऱ्या गावांना तो उमगलेलाही आहे. पण सगळा युक्तिवाद विहिरीवर टांगण्यात धोका आहे. उद्या नळाने धरणाचे पाणी आले की सडा पुन्हा खराब ठरेल. जगातल्या उभयचरांचा 2023 चा आढावा सांगतो की पाचांपैकी दोन जाती संकटात आहेत, आणि सॅलॅमँडरांमध्ये तर पाचांपैकी तीन. जगात फक्त एका घाटमाथ्यावर राहणाऱ्या जातीची जबाबदारी त्या घाटमाथ्यावर येते, तिचा आपल्याला उपयोग असो वा नसो. हे सरळ सांगायला लाजण्याचे कारण नाही.

करण्यासारखे काम फार खर्चाचे नाही. जैवविविधता कायदा 2002 चा आहे. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी, आणि बहुतेक ठिकाणी कागदावर ती आहेही. त्यात झाडांच्या, पक्ष्यांच्या, प्राण्यांच्या नावांच्या याद्या असतात, कित्येकदा शेजारच्या गावाच्या यादीची नक्कल वाटाव्यात अशा. त्याच वहीत पाण्याची पाने घालावीत: कुठल्या सर्व्हे नंबरात कातळावर पाणी थांबते, कुठल्या आठवड्यापासून कुठल्या आठवड्यापर्यंत, त्यात काय दिसते, ते कुठल्या व्हाळाला जाते. गौण खनिजाचा परवाना, बागेसाठी सुरुंग, रस्त्याचे रुंदीकरण, या प्रत्येक वेळी तहसीलदाराने ते पान उघडावे. आंबोलीत याची घाई आणखी एका कारणाने आहे. आंबोली, चौकुळ आणि गेळे या गावांतल्या कबुलायतदार गावकर जमिनींचा, म्हणजे त्या गावकऱ्यांच्या नावावर करण्याचा, प्रश्न वर्षानुवर्षे भिजत राहिला. गावकऱ्यांना त्यांच्या जमिनी नावावर मिळाल्याच पाहिजेत. पण वाटपाच्या वेळी पाणी धरणारे कातळपट्टे गावाच्या सामाईक मालकीत ठेवले तर कुणाचेच नुकसान होत नाही. एकदा ते तुकड्यांत वाटले गेले की मागाहून गोळा करणे अशक्य.

एक अडचण अगदी साधी आहे. जमिनीची मोजणी, खाणीची स्थळपाहणी, पर्यावरणाच्या अहवालासाठीचे दौरे बहुधा पावसाळा टाळून होतात. मोजणीदार सड्यावर पोचतो तेव्हा तिथे खरोखरच काही नसते. भेक मातीत, डबके आटलेले, गवत जळलेले. 'उजाड खडक' असे तो लिहितो ते त्याच्यापुरते खोटे नसते. तेव्हा ही नोंद जून ते सप्टेंबर याच काळात झाली पाहिजे, छत्री घेऊन, आणि महसूल कर्मचाऱ्याबरोबर त्या सड्यावर गुरे नेणारे गावातले कुणीतरी असले पाहिजे. कुठला खळगा आठ दिवसांत आटतो आणि कुठला गणपतीपर्यंत टिकतो, हे आज त्यांनाच माहीत आहे.